कर्नलमधून जुना कोड काढतात, तेव्हा आपल्यासारख्यांना विचारतं कोण?

गोदाकाठ

मंडळी, परभणी, गंगाखेड, पालम या पट्ट्यात जिनिंग, डाळमिल आणि आडत दुकानांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा. बहुतेक ठिकाणी लिनक्स आहे (कर्नल म्हणजे त्याचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा) आणि बहुतेक मशिनी जुन्या आहेत.

हंगाम ऐन तोंडावर असताना एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचं मशीन बसलं. पेंटियम-४, आयडीई हार्डडिस्क, मागून नऊ पिनची सिरियल केबल थेट काट्याच्या इंडिकेटरला. फार पूर्वी कुणीतरी तिथं हाताने कर्नल बांधून दिलं होतं आणि तीच कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) दरवेळी पुढं ढकलत आणलेली. या खेपेला त्यांच्या माणसाने नवीन कर्नल घेतलं, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (जुनी कॉन्फिग नव्या कर्नलला जुळवणारी आज्ञा) केलं, कुठंही चूक दाखवली नाही. मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर शेवटची ओळ: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)', म्हणजे मुख्य डिस्कच सापडत नाही. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत.

कारण असं की जुने आयडीई ड्रायव्हर ५.१४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, कर्नलमधून पूर्ण काढले. त्यांची जागा लिबएटीए या नव्या ड्रायव्हर-संचाने केव्हाच घेतली होती. पण या कॉन्फिगमध्ये लिबएटीए चालूच नव्हतं. जुने पर्याय नव्या कर्नलला माहीत नाहीत, म्हणून ते गुपचूप गळून गेले आणि डिस्क वाचणारं कुणी उरलं नाही.

जुना कोड काढावा याच मताचा मी आहे. पण काढताना 'हे आता कोण वापरतं?' असं जे विचारलं जातं, ते आपल्यापर्यंत पोचतच नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा कोड ठेवायला खरंच एवढा खर्च येतो का? आणि आपल्याकडच्या मशिनी त्या मोजणीत याव्यात म्हणून काय करायचं?

हुरडापार्टी

वाचतोय. पेंटियम-४ अजून काट्यावर उभं आहे, त्या मालकांना आमचा रामराम सांगा.

नाथसागर

चांगला धागा. मी संभाजीनगरात एम्बेडेडमध्ये काम करतो, रोज कर्नलशी गाठ असते, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो.

कर्नल आज तीन कोटी ओळींच्या वर गेलं आहे आणि कॉन्फिगचे पर्याय दहा हजारांच्या कितीतरी पुढं. खर्च त्या ओळी डिस्कवर ठेवण्याचा नाही. आतली एखादी मूळ गोष्ट बदलायची झाली की ती जिथं जिथं वापरली आहे तिथं सगळीकडे बदलावी लागते, आणि जिथं बदलली तिथं ते चालतं का हे कुणीतरी पाहावं लागतं. ज्याचं हार्डवेअरच कुणाकडे नाही, तो कोड माणूस न तपासता बदलतो. असं दहा वर्षं झालं की तो कंपाइल होतो, पण चालतो का ते देवाला ठाऊक.

८०३८६ चं उदाहरण घ्या. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं ते ३८६ वरच. त्याच ३८६ चा सपोर्ट ३.८ मध्ये काढला, ते कर्नल फेब्रुवारी २०१३ मध्ये आलं. या चिपमध्ये सीएमपीएक्सचेंज ही सूचना नाही, ती ४८६ पासून आली. एकाहून जास्त प्रोसेसर असताना कुलपं बरोबर लागावीत म्हणून ही सूचना फार लागते. एका ३८६ साठी त्या सगळ्या कोडमध्ये वेगळी वाट ठेवावी लागत होती आणि दर बदलाला ती आडवी यायची. काढताना लिनसने स्वच्छ सांगितलं की मला याचं वाईट वाटत नाही.

दुसरं उदाहरण मेमरी वाटणाऱ्या कोडचं. स्लॅब, स्लॉब आणि स्लब असे तीन होते. मेमरी व्यवस्थापनात काहीही नवीन आणायचं तर तिन्हींवर चालवून दाखवायचं. स्लॉब ६.४ मध्ये गेला, स्लॅब ६.८ मध्ये. स्लॉब छोट्या मेमरीच्या उपकरणांसाठी होता, म्हणून त्याआधी 'स्लब टायनी' हा पर्याय दिला गेला. काढायचं असेल तर ते असं काढावं, माझं ठाम मत आहे.

बालाघाट

नाथसागर सर, तुमचं समदं खरं. पण पडून असलेला कोड काय भाकर मागतो का? मोड्यूल करून ठेवा. ज्याला लागंल तो लोड करंल, ज्याला नाही लागत त्याच्या मेमरीत बी येत नाही. गरिबाची मशीन बंद पाडून कामून साफसफाई करायची?

नाथसागर

@बालाघाट दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मोड्यूल 'पडून' राहत नाही, त्याचंच एक उदाहरण देतो.

डीसीसीपी नावाचा एक नेटवर्क प्रोटोकॉल २००५ मध्ये २.६.१४ पासून कर्नलमध्ये होता. वापरणारे जवळपास नाहीतच. पण मोड्यूल म्हणून तो बऱ्याच वितरणांत (डेबियनसारख्या तयार लिनक्समध्ये) बांधलेला असायचा. साध्या युजरने, रूट म्हणजे सर्वाधिकारी नसताना, डीसीसीपीचा सॉकेट उघडला की कर्नल ते मोड्यूल आपोआप लोड करायचं. त्यात एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक होती. ती २०१७ मध्ये आंद्रेय कोनोवालोव यांना सापडली. तोवर अकरा वर्षांहून जास्त काळ ती तिथंच बसून होती, आणि तिच्यातून साधा युजर थेट रूट होऊ शकत होता. आपल्या काट्यावरच्या मशीनला डीसीसीपी कधी लागला नसेल, दार मात्र तिथंही उघडं होतं. शेवटी तो प्रोटोकॉल ६.१६ मध्ये, २०२५ साली काढला.

२०१५ चं 'व्हेनम' प्रकरण कर्नलमधलं नाही, आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधलं, पण जात तीच. आभासी मशीनमध्ये फ्लॉपी कुणी लावत नव्हतं, तरी फ्लॉपी कंट्रोलरचा कोड आत होता. त्यातल्या चुकीमुळे आभासी मशीनमधून बाहेर पडून यजमान मशीनपर्यंत जाता येण्याची शक्यता होती.

पऱ्हाटी

आमच्या शेतकऱ्यांना हे लगेच पटेल. कापूस वेचून झाला की चार बोंडांच्या लोभानं फरदड ठेवायची, आणि मग गुलाबी बोंडअळी त्याच पऱ्हाटीत तग धरून पुढच्या हंगामात साऱ्या शिवारात पसरते. २०१७ ला आपण सगळ्यांनी ते भोगलंय. परभणीचं कृषी विद्यापीठ दर वर्षी कानी-कपाळी ओरडतं की हंगाम संपला की पऱ्हाटी उपटा. एकट्यानं ठेवली तरी शेजाऱ्याचं नुकसान होतं. वरच्या डीसीसीपीत मला तेच दिसलं.

बालाघाट

@पऱ्हाटी भौ, हे मातर पटलं. मोड्यूलचं म्हणणं मागं घेतो. तरी न सांगता काढण्याला मपला इरोध कायम.

तेरणा

मी धाराशिव जिल्ह्यात शाळेवर आहे. आमच्या संगणक कक्षातली निम्मी मशिनं ३२-बिट आहेत. मुलं त्यावर मराठी टंकलेखन आणि थोडं पायथन शिकतात. आता कर्नलनेच ३२-बिट काढून टाकलं असं ऐकलं. नवीन मशिनी कधी येतील ते कुणीच सांगत नाही. मग या मुलांनी काय करायचं? गोदाकाठ दादांचा प्रश्न माझाही आहे.

मांजरा_लातूर

@तेरणा ताई, जरा थांबा. कर्नलने ३२-बिट एक्स८६ काढलेलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल द्यायचं त्यांनी थांबवलं. हा वितरणाचा निर्णय आहे. कर्नलच्या मूळ कोडमधून तुम्ही आजही ३२-बिट बांधू शकता.

दुसरी बातमी ४८६ ची. २०२५ मध्ये इंगो मोलनार यांनी ४८६ आणि अगदी सुरुवातीच्या काही ५८६ चिपा सोडून द्यायचे पॅच (कोडमधले बदल) पाठवले. चिपमध्ये टीएससी हा वेळमोजक आणि सीएमपीएक्सचेंज८बी ही सूचना हवी ही अट, आणि या दोन्ही गोष्टी मूळ पेंटियमपासून आहेत. तुमची मशिनं त्याच्या कितीतरी नंतरची असणार. त्या बातमीने घाबरू नका.

तेरणा

धन्यवाद दादा. हे कुणीतरी मराठीत सांगणं फार गरजेचं होतं. मग मी सध्या डेबियन १२ वरच राहते.

जुनाबाजार

फ्लॉपीचा विषय निघालाच आहे तर: कर्नलमधला फ्लॉपी ड्रायव्हर अजून आहे का?

नाथसागर

आहे. २०१९ मध्ये तो 'ऑर्फन' (अनाथ) म्हणून नोंदला गेला, कारण सांभाळणाऱ्याकडेच चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता. नंतर दुसरा माणूस पुढं आला, त्याने जबाबदारी घेतली आणि ड्रायव्हर राहिला. कर्नलच्या 'मेन्टेनर्स' (सांभाळणारे) फाइलमध्ये प्रत्येक भागापुढं त्याची अवस्था लिहिलेली असते: सपोर्टेड, मेन्टेन्ड, ऑड फिक्सेस, ऑर्फन, ऑब्सोलीट. आपलं हार्डवेअर ज्यावर चालतं त्या ड्रायव्हरपुढं काय लिहिलंय ते एकदा बघावं.

जुनाबाजार

माझ्याकडं चालू फ्लॉपी ड्राइव्ह आहे बरं का. कोरे डबे पण आहेत. कुणाला लागले तर सांगा, जालन्यातून पाठवतो.

हुरडापार्टी

@जुनाबाजार, तुम्हालाच मेन्टेनर करायला पाहिजे होतं!

बालाघाट

मी परत मूळ गोष्टीवर येतो. पूर्वी म्हणे काय कधी काढणार त्याची यादीच कर्नलसोबत यायची. ती बी बंद केली. मग माणसानं बघायचं कुठं?

मांजरा_लातूर

'फीचर-रिमूव्हल-शेड्यूल' नावाची फाइल होती, २०१२ मध्ये काढली. तारखा उलटून जायच्या, कुणी काही काढायचं नाही, आणि वाचणाऱ्याला ती खरी आहे का खोटी तेच कळायचं नाही. आता सूचना ड्रायव्हरसोबतच असते. रायझरएफएस ही जुनी फाइल सिस्टिम बघा. ५.१८ मध्ये, २०२२ साली, 'हे जाणार' असं कॉन्फिगच्या मदतीत आणि माउंट करताना लॉगमध्ये येऊ लागलं. ६.१३ मध्ये, जानेवारी २०२५ ला, ते गेलं. मधे जवळपास तीन वर्षं होती. हे नीट झालं असं मला वाटतं. त्यात २०३८ सालानंतरच्या तारखा न धरता येण्याचीही अडचण होती आणि ती सोडवायला कुणी तयार नव्हतं.

नळदुर्ग_किल्ला

अरे बाप रे! वडिलांच्या छापखान्याच्या जुन्या सुसे मशीनची डिस्क कपाटात आहे, रायझरएफएसच असणार. आता ती वाचताच येणार नाही का?

मांजरा_लातूर

येईल. ६.१२ मध्ये रायझरएफएस आहे आणि ६.१२ ही दीर्घ मुदतीची शाखा आहे. फक्त बऱ्याच वितरणांनी ते मोड्यूल आपल्या बांधणीत आधीच बंद केलंय, म्हणून एखादं जुनं लाइव्ह सीडीची इमेज फाइल घ्या. आधी सगळी डिस्क 'डीडी'ने दुसरीकडे उतरवा आणि मग ती नक्कल केवळ-वाचन पद्धतीने माउंट करून काम करा. जुनी डिस्क किती वेळ फिरेल सांगता येत नाही. हे काम पुढं ढकलू नका.

कळंब_रोड

मी लिनक्सहून वेगळ्या ओपनबीएसडी या कार्यप्रणालीवाला, म्हणून थोडं वेगळं बोलतो. तिकडं कोड काढणं हे रोजचं काम समजतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत हार्टब्लीड ही चूक सापडल्यावर एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी तीच हातात घेऊन लिबरएसएसएल सुरू केलं, तेव्हा व्हीएमएस आणि १६-बिट विंडोजसाठीचा कोड आधी छाटला. ब्लूटूथ त्याच वर्षी कर्नलमधून काढलं, कारण ते धड चालतच नव्हतं. पुढं लोड होणारी कर्नल मोड्यूल्स ही पद्धतच बंद केली. तिथं कॉन्फिगचे दहा हजार पर्याय नाहीत, सगळे एकच जेनेरिक कर्नल वापरतात. त्यामुळं एखादा पर्याय कुणाच्या फाइलमधून गुपचूप गळणं हा प्रकारच होत नाही. लिनक्सने पर्याय एवढे वाढू दिले, हे दुखण्याचं मूळ आहे.

नाथसागर

@कळंब_रोड, अर्धं मान्य. पण एकच कर्नल घड्याळापासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत न्यायचं तर पर्याय लागणारच. उपाय साधनांत आहे. @गोदाकाठ, तुमच्या काट्यावरचा प्रसंग टळला असता. कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'डिफकॉन्फिग' आहे. जुनी आणि नवी कॉन्फिग त्याला द्या. गळलेला प्रत्येक पर्याय उणे चिन्हासह छापून येतो. आयडीईच्या सगळ्या ओळी तिथं एकाखाली एक दिसल्या असत्या. शिवाय 'केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स' हा पर्यावरण-चल लावून मेक चालवलं तर अनोळखी पर्यायांची सूचना बांधतानाच मिळते. हे मुळातच चालू असायला हवं होतं असं मला वाटतं. मूळ सेटिंगमध्ये ते शांत राहतं, हा दोषच आहे.

औंढा_नागनाथ

चर्चा वाचून नोंदणी केली. गोदाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२०१८ मध्ये ४.१७ मधून एका फटक्यात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) काढली: ब्लॅकफिन, क्रिस, एफआरव्ही, एम३२आर, मेटाग, एमएन१०३००, स्कोअर आणि टाइल. पाच लाखांच्या आसपास ओळी. हे काम अर्न्ड बर्गमन यांनी केलं आणि करण्याआधी विचारणा केली. यादीत युनिकोर३२ आणि हेक्सागॉनचंही नाव चर्चेत होतं. त्यांच्या मेन्टेनरनी उत्तर दिलं, म्हणून ती त्या वेळी राहिली. युनिकोर३२ पुढं २०२० मध्ये ५.९ ला गेलं, हेक्सागॉन अजून आहे. उलट एम६८के बघा. जुन्या अमिगा आणि अटारी मशिनींचं ते आर्किटेक्चर आजही कर्नलमध्ये आहे, कारण त्याची माणसं जागी आहेत. पॅच पाठवतात, मोडलं की त्याच आठवड्यात सांगतात.

कर्नलचा नियम आहे, वापरणाऱ्याचं चालू असलेलं मोडायचं नाही. पण मोडलं हे कुणाच्या तरी लक्षात येऊन त्याने कळवलं तरच ते मोडलं असं धरतात. आपल्याकडं काटा बंद पडला की आपण जुनं कर्नल टाकून मोकळे होतो. कर्नलच्या मेलिंग लिस्टवर मेल कुणीच करत नाही. तिकडच्या माणसाला वाटतं, वापरणारं कुणी उरलेलंच नाही. त्यात त्याचा तरी काय दोष?

बालाघाट

बरोबर हाये. पण इंग्रजीत मेल ल्हायचा, त्यो बी हजार लोकांपुढं. आमच्यासारख्याचा हातच चालत नाही. वरून म्हणे तिथं लोक लै खडूस बोलतात.

औंढा_नागनाथ

दादा, इंग्रजी तोडकंमोडकं चालतं. तिथं जगभरची माणसं लिहितात. कर्नलची आवृत्ती, हार्डवेअर, कोणत्या आवृत्तीत चालत होतं आणि कोणत्यात थांबलं, एवढं असलं की कुणी व्याकरण काढत नाही. एचटीएमएल मेल मात्र लिस्ट परत पाठवते, साधा मजकूर हवा. मेल कुणाला करायचा ते 'गेट_मेन्टेनर' स्क्रिप्ट सांगते, आणि अशा मोडतोडीसाठी रिग्रेशन्सची वेगळी लिस्ट आहे. तुम्ही मराठीत लिहून इथं टाका, मी इंग्रजी करून देतो. पाठवायचं मात्र तुमच्याच नावाने. मशीन ज्याच्याकडं आहे त्याच्याशीच त्यांना बोलायचं असतं, पॅच तपासून द्या म्हणून पुढं तेच विचारतात.

बालाघाट

मग जमलं. माझ्याकडं दोन ठिकाणी सायक्लेड्सचं मल्टिपोर्ट सिरियल कार्ड चालू हाये, माहिती काढून टाकतो.

नाथसागर

@बालाघाट दादा, सायक्लेड्सचा ड्रायव्हर २०२१ मध्येच निघाला. तो बराच काळ अनाथ होता. त्या दोन ठिकाणी कर्नल ५.१० च्या शाखेपुढं नेऊ नका, नाहीतर पोर्ट गायब होतील. पुढची तरतूद म्हणून यूएसबीची चार पोर्टवाली सिरियल पट्टी लावून बघा, आधी एकाच पोर्टवर. काट्याचा इंडिकेटर साध्या आरएस-२३२ वर बोलतो, बहुतेक वेळा काम भागतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. डीसीसीपीची गोष्ट वाचल्यावर न वापरलेला कोड ठेवा असं मी कुणाला म्हणणार नाही.

काट्याचं मशीन त्याच दिवशी चालू केलं होतं. कॉन्फिगमध्ये एटीए आणि एटीए_पीआयआयएक्स हे लिबएटीएचे पर्याय चालू केले. बूटलोडरमध्ये रूट म्हणून 'एचडीए१' लिहिलेलं होतं, लिबएटीएमध्ये ते 'एसडीए१' होतं. नाव पुन्हा बदललं तरी अडू नये म्हणून तिथं पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) टाकला. एफस्टॅबमध्येही तेच.

@औंढा_नागनाथ, आयडीईचं आता झालं ते झालं, पर्याय हातात आहे, त्यावर मेल करण्यात अर्थ नाही. पण आणखी काय निघणार आहे हे आधी कळलं तर मी माझ्याकडच्या मशिनींवर तपासून द्यायला तयार आहे.

मांजरा_लातूर

@गोदाकाठ, मग हायमेमकडं लक्ष द्या. ३२-बिट एक्स८६ वर कर्नलला थेट हाताळता येणारी मेमरी नेहमीच्या मांडणीत ८९६ एमबी असते. त्यावरची मेमरी हायमेममधून वापरली जाते, आणि हायमेम पुढं काढून टाकण्याची चर्चा चालू आहे. तुमच्या काट्यावर रॅम किती?

गोदाकाठ

१ जीबी. डाळमिलवाल्याकडं २.

मांजरा_लातूर

नेमकी तीच मशिनं यात येतात. हायमेम बंद करून बांधून बघा. १ जीबीसाठी 'व्हीएमस्प्लिट_३जी_ऑप्ट', २ जीबीसाठी 'व्हीएमस्प्लिट_२जी_ऑप्ट'. हे पर्याय 'एक्सपर्ट' चालू केल्यावर दिसतात आणि पीएई बंद असावं लागतं. मेमरी पूर्ण दिसते का आणि काट्याचं सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे दोन्ही लिहून काढा. प्रत्यक्ष कामातल्या मशीनवरून आलेली अशी माहिती त्या चर्चेत मोलाची ठरेल.

तेरणा

आमच्या कक्षातली मशिनंही १ जीबीचीच आहेत. मुलांना सोबत घेऊन तपासलं तर चालेल का? आठवी-नववीची दोन-तीन मुलं फार उत्साही आहेत.

औंढा_नागनाथ

चालेल म्हणजे काय ताई, जरूर करा. मेलमध्ये शाळेचा संगणक कक्ष असं लिहू. जुनं कर्नल ग्रबमध्ये तसंच राहू द्या, म्हणजे तास बुडणार नाही.

गोदाकाठ

जिनिंग उन्हाळ्यात बंद होते, काट्यावरची चाचणी तेव्हा घेतो. डाळमिलवाल्याला उद्याच विचारतो. 'डीमेसेग'चा पूर्ण लॉग इथंच टाकू का वेगळा पाठवू?

औंढा_नागनाथ

इथंच टाका. सोबत 'एलएसपीसीआय -एनएनके' चं आउटपुट आणि वापरलेली कॉन्फिग फाइल पण द्या. मसुदा मी त्याच रात्री तयार करतो.